कांदळवाडीच्या इगर्जीतला सरदार

भागोजी शिवलकरने जेवता जेवताच जाहीर केलं, "गोदा, मी पुस्तक लिवतोय. पाचशे पानांचं!"

गोदाने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "कशावर?"

"इनासच्या इगर्जीवर."

"अवो, ती इगर्ज एका दमात झाडून होते! तिच्यावर पाचशे पानं काय लिवणार? कोळिष्टकं मोजणार?"

भागोजी मिशीतल्या मिशीत हसला. बायको कितीही हुशार असली तरी ती विलायतेला गेलेली नव्हती, आणि तो गेला होता. म्हणजे उभी हयात जहाजावर स्वयंपाक करण्यात गेली होती, पण बंदरं तर पाहिली होती! असंच एकदा विलायतेतल्या कुठल्याशा बंदरात जहाज अडकून पडलं. भागोजी पाय मोकळे करायला निघाला आणि पाऊस चुकवायला एका खेड्यातल्या चर्चमध्ये शिरला. आतल्या म्हातारीने त्याला चहा पाजला आणि गळक्या छपराला मदत म्हणून एक जाडजूड पुस्तक त्याच्या गळ्यात मारलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिथल्याच एका पाद्र्याने लिहिलेलं. विषय एकच, त्या खेड्यातलं ते चर्च! भिंत किती फूट, घंटा कोणी ओतली, कुठल्या कबरीवर काय कोरलंय, कुठल्या पाद्र्याला गुलाबाचं वेड आणि कुठल्याला बाटलीचं, सगळं सगळं! भागोजीचं इंग्रजी जहाजावर शिकलेलं, म्हणजे शिव्या उत्तम आणि बाकीचं बेतास बात. तरी शब्दकोश मांडीवर घेऊन त्याने ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं की त्या खेड्यातल्या मेलेल्या माणसांची नावं त्याला स्वतःच्या चुलत्यांपेक्षा जास्त पाठ झाली.

"गाव केवढं? आपल्या कांदळवाडीएवढं!" तो हात पसरून सांगायचा. "आणि पुस्तक केवढं? उशाला घेतलं तर मान धरंल एवढं! उगाच नाय ते चर्च आजून उभं हाय. लिवलं म्हणून टिकलं!"

आता कांदळवाडीची इगर्ज, म्हणजे तिथलं चर्च, हे पूर्णगडच्या खाडीकाठचं एक बैठं, चुन्याने रंगवलेलं, कौलारू घर. वर क्रूस नसता तर एखाद्याला गोदाम वाटलं असतं. एके काळी रविवारी माणसं दारात उभी राहून मिस्सेची प्रार्थना ऐकायची. मग कोणी वसईला गेलं, कोणी आखातात गेलं, कोणी देवाघरी गेलं. राहिली चार घरं, आणि त्या चार घरांत मिळून गुडघे दुखत नसलेलं माणूस एकही नाही. महिन्यातून एकदा रत्नागिरीहून फादर यायचे, मिस्सा करायचे, जायचे. बाकीचे दिवस इगर्ज इनास सांभाळायचा.

इनास भागोजीचा मित्र. एकाच जहाजावर दोघांनी पाणी पाहिलेलं. इनासची बायको फिलू इगर्जीमागच्या कबरस्तानात झोपली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी उठायचं, इगर्ज झाडायची, मेणबत्ती लावायची, घंटा वाजवायची आणि मग भागोजीच्या ओटीवर येऊन चहा प्यायचा, हा त्याचा नेम. चहा पिताना तो फारसं बोलायचा नाही. त्याची गरजही नसायची, कारण भागोजी बोलायचा.

भागोजीने पुस्तक जाहीर केलं त्या दिवशी सकाळी मात्र इनास आला तो चहाला हात न लावता बसून राहिला.

"काय रे, साखर नाय का?" भागोजीने विचारलं.

"फादर बोलले, इगर्ज बंद करणार. वरून विचारतायत. चार घरांसाठी कशाला ठेवायची? मिस्सेला रत्नागिरीला या म्हणतायत."

"मंग?"

"मंग काय? एस्टीने जाता येईल की." इनास कपाकडे बघत राहिला. "पण फिलूला ह्याच दारातनं बाहेर काढली होती. मलापण ह्याच दारातनं काढावा, एवढाच मनात होता. दुसरा काय मागत नव्हतो मी."

भागोजीला भरून आलं की त्याच्या तोंडातून नेहमी मोठं बोलणं बाहेर पडायचं. तो ताडकन उभा राहिला.

"तुझ्या इगर्जीला टाळं लावणारा आजून जन्माला यायचाय! मी लिवतो तिच्यावर पुस्तक! त्या विलायती पाद्र्यासारखं! मंग बग, बिशप सोताहून सांगंल, ही बंद करू नका म्हणून!"

दुसऱ्या दिवसापासून मोजमाप सुरू झालं. गोदाच्या शिवणाच्या डब्यातली टेप गेली, ती परत आलीच नाही. एक टोक भागोजीकडे, दुसरं इनासकडे.

"लांबी लिव! आता खिडकी. खिडकी कधी बसवली?"

"खिडकी? आमचा लगीन झाला तेव्हा नवी होती," इनास म्हणाला. "फिलू त्या खिडकीजवळच बसायची. ऊन तोंडावर यायचा, तरी हटायची नाय. मी एकदा विचारला तिला, तर ती बोलली..."

"थांब रे! फिलू मागनं येईल. मी आता सोळाशे सालात हाय!"

इनास थांबायचा. टेपचं टोक धरून उभा राहायचा. विलायती पाद्र्याने आपलं पुस्तक सगळ्यात जुन्या दगडापासून सुरू केलं होतं आणि हयात माणसांना शेवटचं पान दिलं होतं, त्यामुळे भागोजीचाही तोच क्रम.

पण जुना दगड सापडेना! भिंती जांभ्याच्या, त्यावर दरवर्षी चुना. कोरलेलं अक्षर म्हणाल तर दारावर कोणीतरी खिळ्याने काढलेलं बदामाचं चित्र. भागोजी हवालदिल झाला. पाचशे पानांतली साडेचार पानं झाली होती आणि इगर्ज संपली होती.

आणि मग एका सकाळी आल्तारासमोरचं, म्हणजे वेदीसमोरचं, जाजम झटकताना तो ओरडला, "इनास! धाव!"

जाजमाखाली पायरीला लागून एक काळपट फरशी होती. तिच्या कोपऱ्यात झिजून झिजून पुसट झालेला मुकुट, आणि मुकुटाखाली दोन इंग्रजी अक्षरं. डी आणि जे.

"ही तर जुनी फरशी हाय," इनास म्हणाला. "मला आठवतं तशी हितंच हाय."

"फरशी?" भागोजीचा आवाज चिरकला. "अरे, मुकुट बग! फरशीवर मुकुट असतो? थडगं हाय हे थडगं!"

तो तसाच एस्टी पकडून रत्नागिरीच्या वाचनालयात गेला. तिथे कुण्या इंग्रज साहेबाचं जुनं पुस्तक होतं, आपल्या किनाऱ्यावरचे किल्ले, देवळं आणि पडकी बांधकामं यांचं वर्णन केलेलं. त्यात तीन दिवस नाक खुपसून बसल्यावर एक ओळ मिळाली. कोणी एक जुआंव नावाचा पोर्तुगीज सरदार ह्या किनाऱ्यावर तापाने मेला आणि त्याला कुठे पुरलं ते कोणाला ठाऊक नाही.

"कोणाला ठाव नाय!" भागोजी वाचनालयात इतक्या जोरात बोलला की वर्तमानपत्र चेहऱ्यावर घेऊन झोपलेला माणूस दचकून जागा झाला. "मला ठाव हाय! डी म्हणजे डॉम, त्यांच्या सरदारांची पदवी. जे म्हणजे जुआंव. तो आमच्याकडे हाय!"

इथवर झालं ते भागोजीच्या वहीत राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण नितेश आला. नितेश एका साप्ताहिकात बातम्या लिहायचा आणि मोबाइलवर त्याच बातम्या ओरडून सांगायचा.

"काका, खात्री आहे ना?"

"खात्री म्हणजे? शंभर टक्के!"

"कबरीत काय असेल?"

"काय असणार? हाडं. सरदार होता म्हणजे तलवार असंल. फार तर मुठीला सोन्याचं पाणी."

शुक्रवारी छापून आलं, 'कांदळवाडीच्या चर्चमध्ये पोर्तुगीज सरदार! सोन्याच्या तलवारीसह चिरनिद्रा!'

रविवारी इगर्जीसमोर गाड्यांची रांग लागली. रत्नागिरीहून माणसं आली, देवरूखहून आली. कांदळवाडीत कधी न दिसलेल्या नारळपाणीवाल्याने तिथे गाडा लावला. पणजीहून एक कोटवाले गृहस्थ आले, सरदार आपले खापरपणजोबा लागतात म्हणाले आणि फरशीवर ओणवे होऊन रडले. एका बाईने सरदाराला नारळ ठेवला, मुलीचं लग्न जमू दे म्हणून. फादर कपाळाला हात लावून बसले.

"भागोजी, हे काय चाललंय?"

"फादर, माणसं बगा किती! आता बिशप इगर्ज बंद करील?"

फादरांनी गर्दीवरून नजर फिरवली. माणसं खरंच पुष्कळ होती. इनास दाराशी उभा राहून प्रत्येकाला "चपला बाहेर काढा, चपला बाहेर" म्हणत होता. इतक्या वर्षांत त्याला हे वाक्य बोलायची वेळ आली नव्हती. संध्याकाळी तो घामाने भिजून ओटीवर आला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता.

"भागोजी, आज बाक कमी पडले रे!" तो म्हणाला. "फिलू असती तर..."

"सांगतो काय तुला!" भागोजी म्हणाला. "आजून तर सुरुवात हाय!"

ती खरोखर सुरुवातच होती. पुढच्या बुधवारी सकाळी इनास घंटा वाजवायला गेला आणि घंटा न वाजवताच परत आला. रात्री कोणीतरी मागची खिडकी उचकटून आत शिरलं होतं. पायरी पहारीने खणली होती. फरशी निघाली नव्हती, पण आल्तार एका अंगाला खचला होता. मेणबत्त्यांची समई आडवी पडली होती, येशूच्या आईच्या मूर्तीचा हात मोडला होता. ज्या खिडकीजवळ फिलू बसायची तीच नेमकी मोडली होती.

पोलीस आले, पंचनामा झाला. आणि मग जुन्या वास्तूंच्या कुठल्याशा खात्यातले एक साहेब आले. साहेबांनी खड्डा पाहिला, फरशी पाहिली, नितेशचं साप्ताहिक पाहिलं, आणि इगर्जीच्या दाराला हे एवढं मोठं टाळं ठोकून त्यावर लाख लावली. 'तपासणी होईपर्यंत प्रवेश बंद.'

भागोजीच्या पायाखालची वाळू सरकली.

"साहेब, टाळं नको! मिस्सा असते हितं!"

"ऐतिहासिक कबर आहे. आता कोणालाही आत सोडता येणार नाही."

"अवो, कबर कसली! फरशी असंल!"

साहेबांनी साप्ताहिक पुढे केलं. "शंभर टक्के खात्री. हे कोण म्हणालं?"

"मी बोललो, पण माझा काय जातो बोलायला? मी जहाजावर कुक होतो, साहेब!"

"इथे तर 'ज्येष्ठ इतिहास संशोधक' लिहिलंय."

"ते ह्या नितेशने लिवलं! मला इंग्रजी धड येत नाय! तो जुआंव हितं मेला का हर्णेला मेला, देवाला ठाव! डी म्हणजे डॉमच कशावरून? दुसरा काय पण असंल!"

साहेबांनी कौतुकाने मान हलवली. "म्हणजे संशोधकांमध्ये मतभेद आहेत. मग तर सखोल तपासणी हवीच!"

आणि ते जीपमध्ये बसून गेले.

त्या दिवसापासून भागोजी स्वतःच्याच शोधाचा वैरी झाला. दर सोमवारी रत्नागिरीला जाऊन तो सांगायचा, कबर खोटी आहे, सरदार खोटा आहे, मीही खोटाच आहे. कचेरीतली माणसं त्याला खुर्ची द्यायची. "काका, विनय दाखवू नका, एवढा मोठा शोध लावलात तुम्ही!" म्हणायची. साहेब कधी दौऱ्यावर असायचे, कधी प्रशिक्षणाला. पुढे त्यांची बदलीच झाली, आणि नवे साहेब यायचे होते. किल्ली कुठे आहे? साहेबांबरोबर. साहेब कुठे आहेत? ते सांगता येत नाही.

इनास सकाळी उठायचा, इगर्जीपर्यंत जायचा. बाहेरच्या पडवीतला केर काढायचा, दारासमोर मेणबत्ती लावायचा आणि पायरीवर बसायचा. घंटेची दोरी आत होती. चहाला तो आता भागोजीच्या ओटीवर येईना, तेव्हा भागोजीच किटली घेऊन पायरीवर जायला लागला. शेजारी बसायचा. दोघांचे कप भरायचा.

"शिवी तरी दे रे मला," एकदा भागोजी म्हणाला.

"कशाला? तू काय मुद्दाम केलास?"

"दे म्हणतो ना! जहाजावर देत होतास तशी!"

"आता दम लागतो," इनास म्हणाला, आणि खरंच त्याला दम लागत होता. पायांना सूज आली होती. गोदाने त्याला बळेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, चढउतार करायची नाही, इस्पितळात ठेवू. इनास म्हणाला, नाताळ होऊ दे.

नाताळाला फादर आले तेव्हा मिस्सा पडवीत झाली. चार घरांतली म्हातारी माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, आणि त्यांच्या मागे भागोजी आणि गोदा. गोठा मांडायचं सामान आत कोंडलेलं. इनासने करवंट्यांचा आणि पेंढ्याचा गोठा केला. बाळ येशूची मूर्तीही आतच, म्हणून गोदाने आपल्या नातीची एक बाहुली दिली. ती बाहुली निजवली की डोळे मिटायची आणि थोडी हलली की उघडायची. फादर प्रवचन देताना वाऱ्याने पेंढा हलला, बाहुलीने टक्क डोळे उघडले, आणि त्या चार घरांतली म्हातारी कोतरीन घाबरून "सायबा देवा!" म्हणून ओरडली. सगळे हसले. इनास तर इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि खोकला थांबेना. भागोजी त्याची पाठ चोळत राहिला. हाताला पाठीची हाडं लागत होती.

त्याच संध्याकाळी भागोजी बोटीवरची लोखंडी पहार घेऊन आला. "चल. टाळं फोडतो. मला तुरुंगात टाकू देत, तिथंपण कुक लागतच असंल."

इनास पायरीवरून उठला नाही. "ठेव ती पहार. देवाच्या घरात चोरांसारखा शिरू? एकदा शिरले ते पुरे झाले."

"मंग काय करू रे मी?"

"बस हितं."

भागोजी बसला. समोर खाडीला भरती येत होती. इनास म्हणाला, "तुझा पुस्तक कुठवर आला?"

"मेला तो पुस्तक!"

"असा नको बोलू. मला आवडायचा टेप धरायला."

जानेवारीत आंबे मोहरले तेव्हा इनास गेला. दुपारी पडवीत बसला होता, भिंतीला डोकं टेकून. भागोजी किटली घेऊन पोचला तेव्हा त्याला वाटलं, डोळा लागलाय. म्हणून चहा गार होऊ नये यासाठी त्याने किटली आपल्या मुंडाशाने झाकून ठेवली आणि शेजारी बसून राहिला. केवढा वेळ बसला होता, कोण जाणे. कोतरीन पाणी भरायला जाताना थांबली आणि तिने इनासच्या कपाळाला हात लावला, तेव्हा कुठे त्याला कळलं.

फादर रत्नागिरीहून आले. शवपेटी पडवीत, बंद दारासमोर ठेवली. फादरांनी पुस्तक उघडलं, आणि भागोजीचा धीर सुटला. त्याने अंगणातला हाताला लागेल तो दगड उचलला आणि टाळ्यावर घातला. एक घाव, दुसरा घाव. लाखेचे तुकडे उडाले, टाळं हललंसुद्धा नाही.

"ह्याच दारातनं काढायचा होता त्याला!" तो ओरडत होता. "एवढाच मागत होता तो! एवढाच!"

फादरांनी त्याचा हात धरला. "भागोजी, बाहेर पडायला आधी आत असावं लागतं. तो तर केव्हापासून बाहेरच बसलाय."

मग गोदाने त्याच्या हातातला दगड काढून घेतला. इनासला इगर्जीला वळसा घालून मागे नेलं आणि फिलूच्या शेजारी ठेवलं.

एप्रिलमध्ये, मिशा वितळतील अशा उन्हात, नव्या साहेबांची दोन तरुण माणसं जीपने आली. टाळं निघालं. आतून कोंदट वास आला. त्यांनी फरशी मोजली, फोटो काढले, मग दोन बाजूंनी पहार घालून ती अलगद उलटी केली. खाली माती. हाडं नाहीत, तलवार नाही, सोन्याचं पाणी तर नाहीच. फरशीच्या पाठीवर मात्र तोच मुकुट होता, पण पायांनी न झिजलेला, अगदी ठसठशीत. त्याच्याभोवती गोलाकार अक्षरं होती.

तरुणाने फडक्याने ती पुसली आणि मोठ्याने वाचली. "डी. जे. अँड सन्स. फरश्या आणि कौलांचा कारखाना." मग तो भागोजीकडे वळला. बिचारा सौजन्याने म्हणाला, "काका, मुकुट हा त्यांचा छाप आहे."

"व्हय," भागोजी म्हणाला.

"ही फरशी आहे."

"व्हय. मला एकाने सांगितला होता."

त्यांनी फरशी होती तशी बसवली, सही घेतली आणि गेले. नितेशने ही बातमी छापली नाही. तिच्यात काही नव्हतं, असं तो म्हणाला.

बिशपकडून इगर्ज बंद करायचं पत्रही आलं नाही आणि न करायचंही आलं नाही. पणजीच्या गृहस्थांनी मात्र खापरपणजोबांच्या नावाने आल्तार दुरुस्त करून दिला, आणि तो सरदार नव्हे, कारखानदाराचा शिक्का होता हे त्यांना कळवायचं धाडस फादरांना झालं नाही. फादरांनी किल्ली भागोजीकडे दिली. "झाडायला कोणी नाही. तुम्ही बघाल का?"

तेव्हापासून भागोजी झाडतो. घंटा वाजवतो, तीही थोडी उशिरा, कारण गुडघे त्यालाही आहेत. एकदा झाडून झाल्यावर तो खिडकीजवळच्या बाकावर बसला. ऊन तोंडावर आलं. घरी येऊन त्याने गोदाला विचारलं, "फिलू त्या उन्हातनं का हटायची नाय गो?"

"मला काय ठाव? तुमीच रोज इनासभावासंगं बसायचात!"

"तो सांगत होता. मीच थांब बोललो."

गोदा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. भागोजीने मग कोतरीनला विचारलं, वसईला फोन लावला, फिलूच्या भाचीलाही विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं.

मे महिन्यात मुंबईहून एक तरुण जोडपं गाडी घेऊन आलं. जुनी बातमी त्यांनी मोबाइलवर वाचली होती.

"आजोबा, इथे कोणीतरी मोठा माणूस पुरलाय ना?" मुलीने विचारलं.

"व्हय," भागोजी म्हणाला. "या."

त्याने त्यांना आत नेलं नाही. इगर्जीला वळसा घालून मागे नेलं. दोन कबरी शेजारी शेजारी. एकीवरची माती अजून पुरती बसलेली नव्हती. मुलाने मोबाइल काढला, पण कशाचा फोटो काढायचा ते त्याला कळेना.

"नाव कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कोरायला दिलाय. इनास नाव."

"ते पोर्तुगीज सरदार होते ना?"

"नाय वो," भागोजी म्हणाला. "जहाजावर माझ्या हाताखाली कांदे चिरायचा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलीने ओठ दाबून हसू आवरलं. "मग... मोठा म्हणजे, त्यांनी काय केलं होतं?"

भागोजीने सांगायला तोंड उघडलं. खाडीवरून वारा आला, माडांची झापं वाजली.

"कांदे लई बारीक चिरायचा," तो शेवटी म्हणाला.